ग्लो इंजिन आणि थ्रॉटलची जोडणी: सर्व्हो गुणगुणतोय, कार्ब पूर्ण बंद होत नाही

घार

नमस्कार मंडळी. रेडिओवर उडणारं, धडाच्या वर पंख असलेलं ट्रेनर (शिकाऊ) मॉडेल विमान बांधतोय. पंखांचा विस्तार साधारण १.६ मीटर, इंजिन ०.४६ घनइंच, म्हणजे साडेसात सीसीचं टू-स्ट्रोक ग्लो. याआधी विजेच्या मोटरवरची दोन विमानं उडवली आहेत, त्यामुळे ट्रान्समीटर, रिसीव्हर, सर्व्हो (रेडिओच्या हुकमाने आर्म फिरवणारी छोटी मोटर) यांची चांगली ओळख आहे. इंजिन मात्र पहिल्यांदाच हातात घेतलंय.

काल दिवसभर बसून इंजिन आणि थ्रॉटलचा सर्व्हो बसवला. नायलॉनच्या माउंटवर इंजिन, आणि माउंट फायरवॉलला (नाकातल्या आडव्या लाकडी भिंतीला) चार बोल्टनी. थ्रॉटलला दीड मिलिमीटरची तार, तिच्यावर नायलॉनची नळी. नळी टाकीच्या डाव्या अंगाने जाऊन फायरवॉलमधून बाहेर पडते. कार्बच्या (कार्ब्युरेटरच्या) आर्ममध्ये झेड-बेंड (तारेच्या टोकाचा झेडसारखा मोड), सर्व्होच्या टोकाला पितळी कनेक्टर.

आता अडचण अशी. स्टिक पूर्ण वर नेली की कार्ब उघडतो, पण शेवटी सर्व्हो घूं घूं करत राहतो. स्टिक पूर्ण खाली आणली तरी कार्बच्या तोंडातून आत बघितल्यावर दोन-अडीच मिलिमीटरची फट दिसते. ट्रान्समीटरवर त्या बाजूचा ट्रॅव्हल (सर्व्होच्या हालचालीची मर्यादा) १४० टक्क्यांवर नेला तेव्हा कुठे फट मिटली. शिवाय फायरवॉलचं भोक माउंटच्या एका बोल्टला चुकवून जरा बाहेर पाडावं लागलं, म्हणून तारेला पुढे एक वळण दिलंय.

इंजिन अजून एकदाही सुरू केलेलं नाही. हे असंच चालेल का, की सगळं खोलू?

रंधा

खोला. इंजिन सुरू न करता विचारलंत, हे फार बरं केलंत.

विजेच्या विमानावरून आलात म्हणून एक गोष्ट सगळ्यात आधी सांगतो. तुमच्या मोटरला थ्रॉटल शून्य केला की वीज तुटते आणि पंखा (प्रॉपेलर) थांबतो. ग्लो इंजिनाला असं बटण नाही. प्लगमधली प्लॅटिनमची तार तुम्ही बॅटरी लावून एकदा लाल केलीत की पुढे मिथेनॉल आणि प्लॅटिनम यांची रासायनिक क्रिया आणि प्रत्येक स्फोटाची उष्णता तिला तापलेलीच ठेवते. बॅटरीची क्लिप काढल्यावर इंजिन स्वतःच्या जिवावर धावत राहतं. १९४७ साली रे आर्डेन यांचा ग्लो प्लग बाजारात आला. त्याआधीच्या बहुतेक मॉडेल इंजिनांना पॉइंट, कॉइल आणि बॅटरी असा ठिणगीचा संसार विमानात वागवावा लागे. तो गेला, वजन वाचलं, पण ठिणगी तोडून इंजिन बंद करायची सोयही त्याच्याबरोबर गेली.

मग हे इंजिन बंद कसं करायचं? हवा किंवा इंधन तोडून. आणि हवेत असताना तुमच्या हातात फक्त कार्बचा बॅरल (हवेची वाट उघडणारं-मिटणारं फिरतं नळकांडं) आहे. तो पूर्ण मिटत नसेल तर तुमच्या विमानाला स्विचच नाही. मिनिटाला १२,००० फेऱ्यांवर फिरणारा ११ इंची पंखा आणि स्विच नाही, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. म्हणून अडीच मिलिमीटरची फट ही बारीकसारीक तक्रार नाही, तिच्यासाठी सगळं उकलणं रास्त आहे.

थ्रॉटलकडे वळण्याआधी इंजिन नीट बसलंय का ते सांगा, कारण इंजिन दोन मिलिमीटर सरकलं की लिंकेज (सर्व्हो ते कार्ब तारेची जोडणी) पुन्हा पहिल्यापासून. साइड थ्रस्ट (इंजिनाचा बाजूला कल) किती ठेवलाय? फायरवॉल किती जाडीची? मागे ब्लाइंड नट (लाकडात रुतणारे काटेरी नट) आहेत ना?

घार

फायरवॉल सहा मिलिमीटर प्लायवूड. ब्लाइंड नट आहेत, पण हातोडीने ठोकून बसवले. थ्रस्टचा विचार केला नाही, माउंट बरोबर मध्यावर लावलाय.

रंधा

ठोकू नका. ठोकल्यावर नट तिरका बसतो, काटे प्लायचा थर फाडतात आणि पुढे बोल्ट काढताना नट जागच्या जागी गरगर फिरायला लागतो. तोवर मागे टाकी बसलेली असते, बोट आत जात नाही. नट मागून भोकात ठेवायचा, पुढून मोठी चकती घालून बोल्ट लावायचा आणि हळूहळू आवळत नटाला लाकडात ओढून घ्यायचं. काटे पूर्ण रुतले की बोल्ट काढून, आट्यांना व्हॅसलिन लावून, पुन्हा चार फेरे आत घालायचा. मग नटाच्या कडेने इपॉक्सी फिरवायची. व्हॅसलिनमुळे गोंद आट्यांत शिरत नाही. हे चार नट विमानाच्या आयुष्यात पुन्हा दिसणार नाहीत, त्यामुळे यांच्यावर अर्धा तास गेला तरी तो वाया नाही.

थ्रस्टचं सांगतो. मागून बघितलं तर पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याच्या प्रतिक्रियेने विमान डावीकडे कलायला बघतं, आणि पंख्याचा पिळलेला झोत शेपटीच्या उभ्या पंखाला डावीकडून धडकतो, त्यानेही नाक डावीकडे वळतं. म्हणून इंजिनाचं तोंड दोन-तीन अंश उजवीकडे ठेवतात. पुष्कळ ट्रेनर किटमध्ये फायरवॉलच तिरकी बसवलेली असते, तेव्हा आधी गुण्या लावून बघा. ती तिरकी असेल आणि तुम्ही वर चकत्याही घातल्यात तर पाच-सहा अंश होतील.

फायरवॉल सरळ निघाली तर माउंटच्या डाव्या बाजूच्या दोन्ही बोल्टखाली, माउंट आणि फायरवॉल यांच्या मध्ये चकत्या. बोल्टमधलं आडवं अंतर ४० मिलिमीटर असेल तर दोन अंशांसाठी १.४ मिलिमीटरची चकती पुरते. आता पुढचं बहुतेक जण विसरतात: इंजिन उजवीकडे वळलं की पंख्याचा मध्यही उजवीकडे सरकतो. फायरवॉलपासून पंख्यापर्यंत १०० मिलिमीटर असतील तर दोन अंशांना साडेतीन मिलिमीटर, तीन अंशांना सव्वापाच. तेवढाच माउंट आधी डावीकडे सरकवायचा, म्हणजे स्पिनर (पंख्यावरची टोपी) नाकाच्या बरोबर मध्यावर येतो.

टाचणी

+१. आणि माउंट डावीकडे सरकला की घार यांचा तो आडवा येणारा बोल्टही सरकेल, म्हणजे भोक कुठे पाडायचं हा प्रश्नही नव्याने मांडता येईल. मोजायला वेळ मिळतोय तर मोजून घ्या.

एक विचारतो, कार्बचा आर्म जागेवर फिरवता येतो हे माहीत आहे ना? मधला नट किंवा पेच सैल करून तो तुम्हाला हव्या त्या कोनात घट्ट करता येतो. नवे लोक खोक्यातून आला तसाच ठेवतात.

घार

नाही माहीत. मी तर तो कायमचा पक्का असतो असंच धरून चाललो होतो.

सुकाणू

मग तुमचं अर्धं कोडं इथेच सुटलं. उरलेलं अर्धं भूमितीचं.

सर्व्हो साधारणपणे मधल्या बिंदूपासून दोन्हीकडे चाळीस-एक अंश फिरतो. कार्बचा बॅरल मिटलेल्या जागेपासून पूर्ण उघडेपर्यंत समजा ७० अंश फिरतो (तुमचा कोनमापकाने मोजा, प्रत्येक इंजिनाचा वेगळा असतो). आर्मचं भोक बॅरलच्या मध्यापासून १२ मिलिमीटरवर असेल तर तार एकूण पावणेचौदा मिलिमीटर सरकायला हवी. मधल्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी ६.९. सर्व्होने ४० अंशांत ६.९ मिलिमीटर ओढायचं तर त्याच्या आर्मवर कनेक्टर १०.७ मिलिमीटरवर हवा, म्हणजे अकराच्या आसपासचं भोक.

तुमची लक्षणं बघता दोन शक्यता दिसतात. एक, सर्व्होकडचं भोक फार बाहेर घेतलंय: मग उघडताना बॅरल अडतो आणि सर्व्हो ढकलतच राहतो. पण तसं असतं तर दुसरीकडेही बॅरल पूर्ण मिटला असता. तो मिटत नाही, म्हणून दुसरी शक्यता जास्त पटते: लांबीचा मध्य चुकलाय. सगळी हालचाल उघडण्याच्या बाजूला ढकलली गेली आहे, एका टोकाला जास्तीची आणि दुसऱ्या टोकाला अपुरी. १४० टक्के करून तुम्ही हीच चूक ट्रान्समीटरवर झाकलीत.

पुन्हा करताना क्रम असा ठेवा. ट्रान्समीटरवर ट्रॅव्हल दोन्हीकडे १००, सबट्रिम (सर्व्होच्या मध्याची दुरुस्ती) शून्य, ट्रिम (स्टिकशेजारचा बारीक जुळणीचा खटका) मध्यावर, स्टिक मध्यावर. सर्व्होचा आर्म तारेशी काटकोनात. बॅरल हाताने अर्धा उघडा करा, त्याचा आर्मही तारेशी काटकोनात येईल असा फिरवून घट्ट करा. मग कनेक्टरचा पेच आवळा. एवढं झालं की दोन्ही टोकं आपसूक जवळपास बरोबर येतात आणि ट्रान्समीटरवर फार तर पाच-दहा टक्क्यांची दुरुस्ती उरते. त्याहून जास्त लागली तर भोक बदला, आकडा बदलू नका.

शेवटची तपासणी अशी: स्टिक वर, बॅरल पूर्ण उघडा, सर्व्हो गप्प. स्टिक खाली आणि ट्रिम वर, साधारण एक मिलिमीटर फट, ही आयडलची (इंजिन सगळ्यात मंद चालण्याची) जागा. स्टिक खाली आणि ट्रिमही खाली, फट नाही, म्हणजे इंजिन बंद. नव्या ट्रान्समीटरवर ट्रिमऐवजी थ्रॉटल-कटचा स्विच ठरवता येतो, मी तोच वापरतो, कारण घाईत ट्रिम शोधत बसावी लागत नाही.

सर्व्होच्या गुणगुणण्याकडे दुर्लक्ष करू नका. निवांत असताना सर्व्हो काही मिलिअँपिअर खातो, अडकला की शेकडो. ती वीज रिसीव्हरच्याच बॅटरीतून जाते, जिच्यावर एलेव्हेटर आणि रडरही चालतात.

रंधा

सुकाणू यांनी सगळं काटकोनात करायला सांगितलं, तिथे थोडा मतभेद नोंदवतो. ग्लो इंजिनाची ताकद बॅरलच्या पहिल्या एक-तृतीयांश हिश्श्यातच बरीचशी येते, वरच्या अर्ध्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून मी आयडलच्या बाजूला सर्व्होचा आर्म तारेच्या रेषेकडे जास्त झुकेल असा ठेवतो. तिथे सर्व्हो फिरतो पुष्कळ पण तार सरकते थोडी, आणि उतरताना थ्रॉटल हातात नाजूक येतो.

सुकाणू

तत्त्व मान्य. पण पहिल्या इंजिनाला आधी सममित बसवून बघावं आणि नाजूकपणा ट्रान्समीटरवरच्या थ्रॉटल कर्व्हने (स्टिक कुठे असता सर्व्हो किती फिरावा ते ठरवून) आणावा असं माझं मत. यंत्रातला कोन आणि कर्व्ह दोन्ही एकाच वेळी बदलले की कशाने काय झालं ते कळत नाही.

रंधा

ट्रान्समीटरवर कर्व्ह असेल तर हरकत नाही.

भिंगरी

आकडे सगळे पटले, पण मला त्या वळणाबद्दल बोलायचंय, कारण ते मला एकदा फार महागात पडलं.

माझ्या दुसऱ्या ग्लो विमानात अशीच तार होती. फायरवॉलमधून बाहेर पडून, बोल्टला वळसा घालून कार्बला. फायरवॉल ते आर्म जवळपास ६० मिलिमीटर तार उघडी, तिच्यात दोन वाकणं. टेबलावर झकास चालायचं. कार्बच्या टोकालाही मी पितळी कनेक्टरच लावला होता, जोडायला सोपा म्हणून. तिसऱ्या उड्डाणात स्टिक खाली घेतली आणि इंजिनाचा आवाज बदललाच नाही. कनेक्टरचा बारीक पेच थरथरीने सैल होऊन तार त्याच्यातून नुसती सरकत होती. थ्रॉटल तीन-चतुर्थांशाला अडकला. टाकी संपेपर्यंत सात-आठ मिनिटं मैदानाभोवती घिरट्या घातल्या, कुणाच्याही डोक्यावरून जाणार नाही एवढं बघत. त्या वेळात माझ्या अंगठ्यांना कंप सुटला होता तो अजून आठवतो. इंजिन बंद पडल्यावर विमान घसरत शेतात उतरलं, पंखा तुटला, बाकी वाचलं.

१२,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला २००. टू-स्ट्रोक दर फेरीला पेटतं, म्हणजे सेकंदाला २०० धक्के. कार्बकडचं टोक हे धक्के थेट खातं, सर्व्होकडचं टोक त्या मानाने शांत असतं. म्हणून पेचाने पकडणारी कुठलीही वस्तू मी आता सर्व्होकडेच ठेवते. कार्बकडे झेड-बेंड किंवा नायलॉनचा क्लेव्हिस (भोकात अडकणारा चिमटा), क्लेव्हिसवर सिलिकॉन नळीची बारीक कडी सरकवून, म्हणजे तो उघडत नाही. आणि सर्व्होकडे कनेक्टरचा पेच जिथे टेकतो तिथे तारेवर कानशीने इवलासा सपाट पट्टा घासते. गोल तारेवर पेच फक्त एका बिंदूवर टेकतो, सपाटीवर तो बसतो. त्या आट्यांना निळं थ्रेडलॉकर (पेच सैल होऊ न देणारा गोंद).

टाचणी

कार्बचा आर्म धातूचा असेल तर झेड-बेंड म्हणजे पोलादावर धातू. थरथरीने भोक लंबगोल होतं आणि थ्रॉटलला प्ले (ढिलेपणा) येतो. जुन्या ३५ आणि ७२ मेगाहर्ट्झच्या रेडिओत तर या धातूच्या घासण्याने रिसीव्हरमध्ये गोंगाट शिरायचा. २.४ गिगाहर्ट्झवर ती भीती फारशी उरली नाही, झीज मात्र होतेच. माझं मत नायलॉन क्लेव्हिस किंवा बॉल लिंकला.

भिंगरी

मान्य. घार यांचा आर्म कशाचा आहे ते बघून ठरवावं.

घार

आर्म धातूचा आहे. क्लेव्हिस लावतो. भिंगरी, तुमचा अनुभव वाचून वळण काढायचं नक्की केलं. पण तार सरळ आली की नाही हे तपासायचं कसं?

रंधा

दोन चाचण्या करा. सर्व्होकडचं टोक मोकळं करा आणि तार फक्त दोन बोटांनी ढकला. पूर्ण प्रवासात कुठेही खडखड किंवा अडखळ नको, लोण्यातून सुरी फिरावी तशी तार जायला हवी. अडखळली तर नळीत कुठेतरी मोड आहे, किंवा फायरवॉलमधून बाहेर पडताना नळी दाबली गेली आहे. दुसरी चाचणी उलटी: सर्व्हो जोडा, कार्बचा आर्म बोटाने घट्ट धरा आणि कुणाला तरी स्टिक हळूच हलवायला सांगा. तार किंवा नळी धनुष्यासारखी वाकताना दिसली तर तिथेच आधार कमी आहे. नळीला फायरवॉलमध्ये गोंद, सर्व्होच्या आधी एक पट्टी, आणि मध्ये दर आठ-दहा सेंटिमीटरला एक आधार. लोक नळी टाकीच्या बाजूला लोंबकळत सोडतात आणि मग आयडल का बदलतो म्हणून कार्बची सुई (इंधनाची मात्रा ठरवणारा पेच) फिरवत बसतात.

भोक पाडताना इंजिन माउंटवर ठेवूनच पाडा. आर्म अर्ध्या प्रवासावर धरा, त्याच्या भोकातून एक सरळ तार मागे फायरवॉलला टेकवा, जिथे टेकेल तिथे शिसपेन्सिलची खूण. जुनं भोक गोल काडी आणि इपॉक्सीने बुजवा.

सुकाणू

टाकीचा विषय निघालाच आहे तर: तिची मध्यरेषा इंजिनाच्या सुईच्या पातळीत किंवा सहा ते दहा मिलिमीटर खाली. भोवती फोम. टाकी लाकडाला भिडली की थरथरीने इंधनात फेस होतो, फेस कार्बात गेला की इंजिन मध्येच गचके देतं आणि दोष थ्रॉटलवर जातो.

घार

आठवडाभर वेळ घेतला. अहवाल देतो.

गुण्या लावला, फायरवॉल सरळच निघाली. दोन अंश उजवीकडे, माउंट साडेतीन मिलिमीटर डावीकडे. नट काढले, दोघांचे काटे वाकलेले होते, नवे घेतले आणि रंधा यांनी सांगितलं तसे ओढून बसवले. इंजिनाची भोकं माउंटवर उमटवायला भोकांत चपखल बसणारं ड्रिल बिट हाताने फिरवून बारीक खूण केली, मग ३.३ चं ड्रिल आणि एम४ चे आटे. जुन्या भोकांपैकी दोन नव्यांच्या फार जवळ येत होती म्हणून माउंटही नवाच घेतला.

आर्म मोजला: भोक ११.५ मिलिमीटरवर, बॅरलचा फेरा ७४ अंश. सुकाणू यांच्या हिशोबाने १०.८ आलं. अकरा मिलिमीटरचं भोक धरलं. ट्रॅव्हल उघडण्याकडे ९७, मिटण्याकडे १०२. सर्व्हो दोन्ही टोकांना गप्प. मिटलेल्या बॅरलला टॉर्च लावून बघितलं, आरपार उजेड दिसत नाही.

आता इंजिन सुरू करण्याआधी काही राहिलं का?

भिंगरी

फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला तर सर्व्होने कुठे जायचं ते. रिसीव्हर बाइंड करताना (ट्रान्समीटरशी जोडताना) थ्रॉटल आयडलच्या खाली ठेवून फेलसेफ नोंदवा, मग पंखा काढून ठेवा, स्टिक अर्ध्यावर न्या आणि ट्रान्समीटर बंद करा. बॅरल मिटताना स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

फायरवॉलला इपॉक्सीचा पातळ हात दिलात का? इंधनात पाचवा हिस्सा तेल असतं. ते एकदा प्लायमध्ये मुरलं की पुढे कुठलाच गोंद धरत नाही. तारेच्या भोकाची आतली कडाही सोडू नका, तेल तिथूनच मागे जातं.

आणि सुरू झाल्यावर पुढून हात घालायचा नाही. क्लिप काढायला, सुई फिरवायला, सगळ्याला पंख्याच्या मागून. लिंकेजमध्ये काही बदलायचं असेल तर आधी इंजिन बंद.

घार

फेलसेफ राहिला होता. इपॉक्सी पुढून दिली होती, भोकाच्या आतून नव्हती. दोन्ही केलं.

आज सकाळी शेपटी बांधून, मागे एक जण धरायला उभा करून सुरू केलं. पहिल्या दोन टाक्या सुई बऱ्यापैकी उघडी ठेवून, धूर काढत. थ्रॉटल-कटचा स्विच आठ वेळा वापरला, आठही वेळा दोन सेकंदांच्या आत पंखा थांबला. तिसऱ्या टाकीला आयडल टॅकोमीटरवर (फेऱ्या मोजणाऱ्या यंत्रावर) २,६०० च्या आसपास स्थिर राहिला. रंधा म्हणतात ते खरं निघालं: स्टिक अर्ध्यावर आली तेव्हाच जवळजवळ सगळा जोर आला होता. कर्व्हमध्ये मधला बिंदू ५० वरून ३५ वर आणला, आता आवाज स्टिकबरोबर चढतो.

नंतर सगळे बोल्ट तपासले. मफलरचे दोन पाव-पाव फेरा आवळले गेले. माउंटचे चार आणि कनेक्टरचा पेच जागचे हलले नाहीत.

रंधा

मफलरचे पुढच्या दोन टाक्यांनंतर पुन्हा बघा, गरम असतानाच, फडकं धरून.